मोबाइलमागची इंदू सिस्टर

इंदू सिस्टरचा आवाज मला आधी कळला, मग तिचे हात. चेहरा दिसायला जवळजवळ दोन वर्षं गेली.

मी तेव्हा यवतमाळला एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर व्हिडिओवरून पेशंट तपासायच्या कामाला नुकतीच लागले होते. प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेले चार कप्पे, प्रत्येकात एक डॉक्टर, एक कॉम्प्युटर, डोक्यावर हेडफोन. पडद्यावर जिल्ह्यातल्या उपकेंद्रांची नावं असायची, कॉल आला की नाव उजळायचं. नावावर बोट ठेवलं की तिथली सिस्टर तिच्या मोबाइलमधून पेशंट दाखवायची. माझी मुलगी लहान होती, वॉर्डातली ड्युटी झेपत नव्हती, म्हणून हे काम मी मागून घेतलं होतं. सोबतचे डॉक्टर याला सावलीतलं काम म्हणायचे.

सिस्टरचं उपकेंद्र झरी जामणी तालुक्यात, डांबरी रस्ता संपल्यावरही बरंच आत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या हकिगतीतली काही माणसं अजून तिथेच आहेत. तीन खोल्यांची इमारत, पुढे ओसरी, बाजूला हातपंप आणि भोवती जंगलात विखुरलेले पोड. कोलामांच्या वस्तीला तिकडे पोड म्हणतात. सिस्टर मूळची आर्णीची, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा मधुकरराव, त्यांचं आर्णीत दुचाकी दुरुस्तीचं दुकान. ती उपकेंद्राच्या मागच्या खोलीत एकटी राहायची आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी जायची. असं एकोणीस वर्षं चाललं होतं. कोलामी ती तिथेच शिकली, बाळंतिणींच्या उशाशी बसून.

पहिल्याच दिवशी तिचा कॉल आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक शेळी, मग एका मुलाचा कान.

"सिस्टर, तुम्ही दिसत नाही आहात," मी म्हटलं.

"मी कायले दिसली पाह्यजे मॅडम? पेशंट दिसला म्हणजे झालं."

आणि ती खरंच कधी दिसली नाही. मोबाइल तिच्या हातात, मागचा कॅमेरा पेशंटकडे, ती मोबाइलच्या मागे. माझा चेहरा मात्र तिला सतत समोर दिसायचा. मला दिसायचा तो तिचा उजवा हात. मनगटावर पुरुषी घड्याळ, दोन हिरव्या काचेच्या बांगड्या, आखूड कापलेली नखं. तो हात बाजूने यायचा, पापणी खाली ओढायचा, जीभ दाबायचा, पोटावर पसरायचा.

तो हात पोटावर पसरला की मी विचारायची, "कसं लागतंय?" पुस्तकात याची उत्तरं ठरलेली असतात. मऊ, ताठ, दुखरं. सिस्टरची उत्तरं निराळी असायची. "भिजवून ठेवलेल्या कणकेवानी आहे, दाबलं का खड्डा पडते." "हे नाही चांगलं मॅडम, पाटासारखं झालं." "आत काहीतरी गडबड गडबड करून राह्यलं, पण दुखत नाही त्याले." सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे सवय झाली. पुढे असं झालं की दुसऱ्या उपकेंद्रातली एखादी सिस्टर "टेंडर आहे मॅम", म्हणजे दुखरं आहे, एवढंच म्हणाली तर मला काहीच कळेना.

त्या खोलीच्या खिडकीला उन्हासाठी पिवळा प्लास्टिकचा कागद लावला होता. त्यामुळे तिथे आलेला प्रत्येक माणूस पडद्यावर काविळीचा दिसायचा. पहिल्याच आठवड्यात मी लागोपाठ तिघांना कावीळ सांगितली. तिसऱ्याला सिस्टर म्हणाली, "थांबा जी." पेशंटला तिने ओसरीत आणलं, कापसाची पांढरी पट्टी त्याच्या डोळ्याजवळ धरली. "आता पाहा. ही पट्टी पांढरी दिसते का तुमाले? तशी दिसत असंन तर मग डोळा पाहा." तेव्हापासून रंगाचा प्रश्न आला की न सांगता ती पट्टी धरायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं.

कॉल चालू असताना मी कॉम्प्युटरवर दुसऱ्या खिडकीत काही उघडलं की तिला लगेच कळायचं. "मॅडम, इकडे पाहा. तुमचे डोळे दुसरीकडे गेले." मी ओशाळून परत यायची. बोलणं संपलं की आभार नाही, नमस्कार नाही. "ठेवते," म्हणायची आणि पडदा काळा व्हायचा.

एक मुलगी आठवते. एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासू तिला ओढत घेऊन आली होती. मुलगी भिंतीला टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले, श्वास मोठमोठा. सासूचा आवाज हेडफोनमध्ये घुमत होता. "दारू पेली हे. सकायी सकायी दारू पेली. तोंडाचा वास घ्या तिच्या. आमच्या घरात कोणी पेत नाही."

सिस्टर मला म्हणाली, "मॅडम, वास आहे. पण ही पेलेली नाही."

"कशावरून?"

"मोहाचा वास आहे, पण दारूचा नाही. फुलाचा. झाडाखाली मोहफुलं पडून सडते ना, तसा. तुमाले नाही कळणार तिथून. मले कळून राह्यलं."

मी म्हटलं, "साखर पाहा." तिने मशीन आधीच काढलं होतं. मशीनवर आकडा आलाच नाही, साखर मशीनच्या हिशोबापलीकडे गेली होती. पोरीला लहानपणापासूनचा असतो तसला मधुमेह होता आणि तो कोणाला ठाऊक नव्हता. सलाइन लावून तिला गाडीत घातलं, सासू मागोमाग चढली. सिस्टर तिला एवढंच म्हणाली, "आता हॉस्पिटलात तिच्याजवळ बसा. दारूबिरू बोलू नका तिथं." ती मुलगी जगली. त्या दिवशी नोंदीत मी निदान लिहिलं आणि खाली माझं नाव आलं. सिस्टरच्या नाकासाठी त्या फॉर्मात जागा नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढे जे झालं त्याचा सगळा दोष पडद्यावर ढकलल्यासारखं होईल. एकदा एका म्हातारीचा खोकला पाहून झाल्यावर सिस्टरने "ठेवते" म्हटलं नाही.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुमचा चेहरा महिनाभरापासून सुजून राह्यला. डोळ्याच्या खाली. भुवयाचे केस बी बाहेरून इरळ झाले. आवाज जड पडला तुमचा. थायराइड पाहून घ्या."

मी आधी चिडले. मग आरशात पाहिलं, मग रक्त दिलं. तिचं म्हणणं खरं निघालं. मी आजही रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेते. व्हिडिओवरून माणूस ओळखता येत नाही असं माझ्यासमोर कोणी म्हटलं तर मला ते पटत नाही. सिस्टरने मला व्हिडिओवरूनच ओळखलं होतं.

वर्ष उलटल्यावर एका म्हाताऱ्याचं प्रकरण झालं.

पोडावरचा सत्तरीचा माणूस, हाडकुळा, डोक्याला मुंडासं. पोटात वरच्या बाजूला दुखतंय, एकदा उलटी झाली, एवढीच तक्रार. पडद्यावर मला पाहून तो हसला आणि कोलामीत काहीतरी बोलला. सिस्टरने सांगितलं, "विचारते का ही बाई एवढीशीच आहे का म्हणून." मीही हसले. तो बसलेला होता, बोलत होता, हसत होता. रात्री काय खाल्लं विचारलं. लग्नाचं जेवण होतं. मी आम्लपित्ताची गोळी सांगितली.

"मॅडम, घाम थंडा आहे त्याचा," सिस्टर म्हणाली.

"ऊन आहे ना."

"उन्हाचा घाम असा नसते. नाडी बी बारीक लागून राह्यली. मले बरोबर वाटून नाही राह्यलं. पाठवू का वणीले, मोठ्या दवाखान्यात?"

गाडीसाठी माझी चिठ्ठी लागायची. माझ्यासमोर रांगेत सात उपकेंद्रं होती. त्या आठवड्यातच आम्हाला सांगण्यात आलं होतं की विनाकारण पेशंट पुढे पाठवू नका, मोठ्या हॉस्पिटलात गर्दी होते. मी म्हटलं, "दोन तास बघा. फरक नाही पडला तर परत कॉल करा."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

दोन तास व्हायच्या आधीच तो ओसरीत दगावला. हार्ट अटॅक होता. पोटात दुखतं, घाम येतो, नाडी बारीक होते, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं. मलाही होतं. तो माणूस माझ्यासमोर असता तर मी त्याच्या कपाळाला हात लावला असता आणि त्या एका थंड स्पर्शाने मला खुर्चीवरून उठवलं असतं. पण मी समोर नव्हते. ज्या हाताला तो घाम लागला होता, त्या हाताचं मी ऐकलं नाही.

चौकशी झाली. मला बोलावून "जरा जपून" असं तोंडी सांगितलं. सिस्टरला लेखी ताकीद आली. पेशंटची दर अर्ध्या तासाने नोंद का ठेवली नाही, स्वतःच्या जबाबदारीवर त्याला का हलवलं नाही. तिने दिलेलं उत्तर मी नंतर पाहिलं. पाच ओळींचं होतं. मी दोन तास थांबायला सांगितलं होतं, हे त्यात कुठेच नव्हतं.

मी तिला माझ्या फोनवरून साधा कॉल केला.

"सिस्टर, चूक माझी होती. तुम्ही सांगत होता."

"तुम्ही त्याले कुठं पाह्यलं मॅडम," ती म्हणाली. "मी पाह्यलं. माया हाताखाली होता तो. मीच त्याले कोणाच्या गाडीवर टाकून न्याले पाह्यजे होतं. चिठ्ठी गेली खड्ड्यात."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती बदलली. कॉल पूर्वीसारखेच यायचे, पण तिची वाक्यं आखूड झाली. मी विचारीन तेवढंच उत्तर. बीपी इतका, ताप इतका, श्वास इतके. कणीक नाही, पाट नाही, मोहफुलं नाहीत. "तुम्हाला काय वाटतं सिस्टर?" असं मी मुद्दाम विचारायची. ती म्हणायची, "मले काय वाटते मॅडम. तुम्ही सांगा." मी दुसऱ्या खिडकीत काही उघडलं तरी ती टोकेनाशी झाली. डोळे दुसरीकडे गेलेले तिला दिसत असणार, पण ती बोलायची नाही.

मोबाइलही ती हातात धरेनाशी झाली. औषधाच्या खोक्याला टेकवून ठेवायची आणि पेशंटला त्याच्यासमोर बसवायची. चित्र हलत नाही म्हणून मला ते सोयीचंच वाटलं. पेशंट ओसरीत आणणं बंद झालं. कधी बोलताना तिला धाप लागायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "पोडावरून चालत आली ना आत्ता." ते मी मानलं. तिच्या हातावरचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे जायचं आणि ती ते सारखं खाली ओढायची. हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं असं आज छातीवर हात ठेवून सांगते. पण त्या हाताखाली नेहमी कोणीतरी पेशंट असायचा आणि मी पेशंटकडे पाहत होते.

मग एका दुपारी तिचा कॉल आला. समोर रिकामं स्टूल.

"पेशंट कुठे आहे?"

"बाहेर आहे. लाजते. बाई आहे, त्रेचाळीस वर्षांची. पोट फुगल्यासारखं वाटते म्हणते. भूक नाही. दोन घासात पोट भरते."

"किती दिवसांपासून?"

"झाले तीन-चार महिने."

"पाळी?"

"मागंपुढं होऊन राह्यली. या वयात होतेच."

"पोट कसं लागतंय हाताला?"

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग ती म्हणाली, "हात लावू देत नाही मॅडम."

मी गॅसची गोळी सांगितली, आम्लपित्ताची सांगितली आणि सवडीने सोनोग्राफी करून घ्यायला सांगा म्हटलं. "सवडीनं," ती म्हणाली. "बरं. ठेवते." सगळं मिळून चार मिनिटं.

जी बाई कुठल्याही अनोळखी पोटावर हात ठेवून ते कसं लागतंय ते मला जेवणाखाणातल्या शब्दांत सांगायची, तिला एक पेशंट हात लावू देत नाही, हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. पुढचा कॉल आर्णीकडचा होता, साप चावलेला. मी त्यात गुंतले.

दोन-अडीच महिन्यांनी मेडिसिन वॉर्डातल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीचा फोन आला. "अगं, झरीकडची एक सिस्टर ॲडमिट आहे. लसीकरणाच्या दिवशी चक्कर येऊन पडली. पोडावरच्या बायांनी खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं तिला. तुझं नाव सांगते."

मी गेले. तो वॉर्ड मला तोंडपाठ होता. बायकांच्या रांगेतून एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. सिस्टर सापडेना. कोणाचा चेहरा शोधायचा हेच मला ठाऊक नव्हतं. हातावरून ओळखीन म्हटलं तर सगळ्या हातांना सलाइन लावलेलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला. शेजारच्या म्हातारीला कोणीतरी विचारत होतं, "मावशी, लघवी झाली का सकाळपासून? किती झाली?"

मी वळले.

गाल आत गेलेले, डोळे मोठे दिसत होते, केस मागे घट्ट बांधलेले. गळ्याची हाडं मोजता येतील अशी. आणि चादरीखाली पोट वर आलेलं, दिवस भरलेल्या बाईसारखं. निदानासाठी मला तिच्याजवळही जावं लागलं नाही. खाटेपासून दहा पावलांवर उभ्या उभ्या माझं निदान करून झालं होतं. कुठल्याही डॉक्टरचं झालं असतं. दारातून आत येतानाच झालं असतं.

ती मला पाहून हसली. तिला माझा चेहरा पाठ होता.

"या मॅडम. तुम्ही उंच आहात. मले वाटलं नव्हतं."

मी खाटेच्या कडेला बसले. जे विचारायचं होतं तेच विचारलं. "ती बाई... त्रेचाळीस वर्षांची... लाजत होती म्हणालात..."

"हव."

"सिस्टर, मला सांगितलं का नाही?"

"सांगितलंच तर होतं मॅडम."

ती हे काही टोचून बोलली नाही. एखाद्या पेशंटचा बीपी सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, "मले आधीपासून माहीत होतं. आंघोळीच्या वेळी हाताले लागलं होतं. पण आपल्याच पोटाचं आपण कसं सांगाव? दुसऱ्याचं बरं असते. मले वाटलं, एखाद्या वेळी मॅडम म्हणन, बाईले घेऊन या, मी हातानं पाहते. मग मी आली असती."

"तालुक्याला तरी जायचं होतं."

"कोणाच्या भरोशावर टाकून जाऊ? दुसरी सिस्टर देत नव्हते. सुटी मागितली तर म्हणते आधी बदली माणूस शोधा. आणि ते ताकिदीचे कागद आल्यापासून... जाऊ द्या."

मग तिने माझा हात धरला आणि चादर बाजूला करून स्वतःच्या पोटावर ठेवला. तिचे हात गरम होते, पोट ताणलेलं होतं. खाली उजव्या बाजूला गाठ माझ्या बोटांना स्पष्ट लागली.

"कसं लागते?" तिने विचारलं.

ती वाट पाहत होती. खरंच पाहत होती, जसं मी दोन वर्षं तिच्या उत्तराची वाट पाहिली होती तशी. मी नुसता हात ठेवून बसले. शेवटी तिनेच तो उचलून बाजूला ठेवला.

ओव्हरीचा कॅन्सर होता, पोटभर पसरलेला. वॉर्डात पाणी काढलं, तीन दिवसांत परत भरलं. मधुकररावांनी तिला नागपूरला नेलं. तिथे एक औषध सुरू केलं, ते तिच्या शरीराला झेपलं नाही, परत पाठवलं. माझी वर्गमैत्रीण मला म्हणाली, तू त्या दिवशी बोलावलं असतंस तरी फार फरक पडला नसता, हा आजार असाच उशिरा कळतो. ते वाक्य मी बरेच दिवस जवळ बाळगलं. आता नाही बाळगत. फार फरक पडला नसता, पण थोडा पडला असता. तो किती, ते आता कोणीच सांगू शकत नाही.

एका रविवारी मी एसटीने आर्णीला गेले. मधुकररावांचं दुकान रस्त्याला लागून आणि घर त्याच्या मागे. दुकान उघडं होतं पण काम चालू नव्हतं. दोन गाड्या खोलून तशाच पडलेल्या. ते मला पाहून उठले, हात पुसले, म्हणाले, "या जी. जागीच आहे ते. आज काही बोलत नाही जास्त."

मागच्या पडवीत खाटेवर ती पडली होती. जमिनीवर दोन बायका बसल्या होत्या, एक म्हातारी, एक तरुण. पोडावरून आल्या होत्या, तीन गाड्या बदलून. तरुण बाई सिस्टरच्या पायांच्या पोटऱ्या दाबत होती, सावकाश, एकसारखी. माझ्यासाठी मधुकररावांनी प्लास्टिकची खुर्ची आणली. मी खुर्चीवर बसले, त्या खालीच राहिल्या.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखते."

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेते."

"उलटी?"

"दोनदा."

आमचं दोघींचं बोलणं पुन्हा तसंच झालं होतं, विचारीन तेवढ्याचं उत्तर. मी गोळ्यांचं पाकीट पाहिलं, डोस वाढवून लिहिला, मधुकररावांना समजावून सांगितला. सिस्टर मधेच कोलामीत त्या म्हातारीला काहीतरी बोलली. म्हातारी हसली, तरुण बाईही हसली. सिस्टरच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं. मला कळलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. त्यांना तिने काय सांगितलं असेल, यावर मी पुढे खूप वेळ घालवला आहे.

परतीच्या गाडीची वेळ झाली. मी उठले, पर्स घेतली, तिच्या खांद्याला हात लावला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही वाटलं तर व्हिडिओ कॉल करा हं सिस्टर."

बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. मधुकरराव खाली पाहू लागले. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, एखाद्या पेशंटकडे पाहावं तसं, काही शोधत असल्यासारखं. मग तिने डोळे मिटले.

"जा मॅडम. गाडी जाईन तुमची."

तिचा कॉल आला नाही. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला ते कळलं. त्या उपकेंद्राचं नाव माझ्या पडद्यावर अजून आहे. तिच्या जागी कोणी आलेलं नाही, त्यामुळे ते उजळत नाही.

त्या रविवारी पडवीच्या दारात जाऊन मी वळून पाहिलं होतं. त्या दोघी तिला कुशीवर करत होत्या. म्हातारीने काखेत हात घातला होता, तरुण बाईने कमरेखाली, आणि दोघींनी एकाच वेळी, न बोलता, तिला भिंतीकडे वळवलं. चेहरा पलीकडे गेला. मला तिची पाठ तेवढी दिसली. झोपून झोपून तिच्यावर घामोळं आलं होतं, लाल, मानेपासून खालपर्यंत. म्हातारीने आपला पदर पाण्यात भिजवून पिळला आणि तो त्या पाठीवर पसरून वरून हात ठेवला.